जिनिंग कोणत्या पोराच्या हाती द्यावी?

नमस्कार भाऊ. तुम्ही लिहिलेलं थोडक्यात परत मांडतो, म्हणजे माझी समजूत चुकत असेल तर लगेच सांगता येईल. राळेगावच्या बाजूला तुमची जिनिंग-प्रेसिंग आहे, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करून रुईच्या गाठी बांधायचा कारखाना, चोवीस जिन आणि एक प्रेस. वय सदुसष्ट. छातीत दुखल्यापासून डॉक्टरांनी हंगामातली धावपळ बंद करायला सांगितली आहे. मोठा मुलगा पुण्यात गाड्यांच्या कंपनीत गुणवत्ता विभागात होता, आता घरी परतला आहे. धाकटा बारावीनंतर काट्यावर, म्हणजे कापूस मोजून विकत घ्यायच्या जागेवर, उभा राहिला तो तिथेच वाढला. मुलगी वर्ध्याला दिली. नातेवाईक म्हणतात मोठा शिकलेला आहे, खुर्ची त्याचीच. हमाल आणि शेतकरी म्हणतात धाकटे भाऊच खरे मालक. आणि तुमचा प्रश्न असा, की "दोघांपैकी लायक कोण?"

मी कर सल्लागार आहे. यवतमाळ, वर्धा, अमरावती या पट्ट्यातल्या जिनिंग, डाळ मिल, कृषी केंद्रांची खाती तीस-एक वर्षं पाहतो आहे. खाती पाहता पाहता घरंही पाहिली. त्यावरून सांगतो, लायक कोण हे आधी विचारलं की पुढचं सगळं बिघडतं. तुमची खुर्ची म्हणजे तुमच्या अंगाच्या मापाने शिवलेली बंडी आहे. ती मोठ्याला खांद्यात सैल होईल आणि धाकट्याला पोटावर आवळेल, म्हणून दोघांतला कोणीही नालायक ठरत नाही. आधी पाहायचं की त्या खुर्चीत बसून तुम्ही रोज नेमकी कोणकोणती कामं उरकता, आणि मग त्यातलं कोणतं काम कोणाच्या हाताला आपोआप येतं.

पुढे जे लिहितो त्यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहे. तुम्ही स्वतःच्या पैशाने कापूस घेऊन गाठी विकता की बहुतेक काम भारतीय कापूस महामंडळाचं, म्हणजे सीसीआयचं, मजुरीवर करता, हे तुम्ही लिहिलेलं नाही. बँकेचं कर्ज किती, फर्ममध्ये भागीदार कोण, भावाभावांत बोलणं किती मोकळं, हेही मला माहीत नाही. पोरं मी पाहिलेली नाहीत. म्हणून नाव सांगणार नाही, पद्धत सांगतो.

हंगामातला तुमचा एखादा दिवस आठवा. सकाळी दलालाचा फोन येतो, काल गाठीला काय भाव निघाला, सरकी कुठवर गेली. त्यावरून आज काट्यावर काय भाव काढायचा हे तुम्ही चहा पिता पिता ठरवता. गाड्या लागल्या की ढिगात कोपरापर्यंत हात घालून ओलावा पाहता, कवडी म्हणजे किडका, खराब कापूस पाहता, यंत्र नंतर येतं. तेवढ्यात फिटर येऊन सांगतो की अमुक जिनवर सरकी फुटते आहे. दुपारी बँकेतून फोन, साठ्याचं पत्रक अजून आलं नाही. एक शेतकरी चुकाऱ्यासाठी, म्हणजे विकलेल्या कापसाच्या पैशासाठी, बसलेला असतो, घरात लग्न आहे, त्याला तुम्ही तारखेचा शब्द देता. संध्याकाळी दक्षिणेतल्या सूतगिरणीचा निरोप येतो की नमुन्यात कचरा जास्त निघाला, भाव कापू. रात्री झोपण्याआधी गोदामाला एक चक्कर, कारण कापसातून लोखंडाचा तुकडा जिनमध्ये गेला तर ठिणगी उडते, आणि रुई पेटली की विझवता विझवता सकाळ होते.

हे सगळं तुम्ही "जिनिंग पाहतो" या दोन शब्दांत सांगता. प्रत्यक्षात ती सहा वेगळी कामं आहेत: खरेदी, कारखाना, माणसं, पैसा आणि कागद, विक्री, आणि बाहेरचं तोंड, म्हणजे बाजार समिती, महामंडळ, सरकारी कचेऱ्या. एकाच माणसात सहाही कामं बसली, कारण तुम्ही ती एकेक करत वाढवली. तयार सहा कामं एकदम कोणाच्या अंगावर टाकली तर कोणताही माणूस त्यातल्या तीन कामांत तोकडाच पडणार, आणि गाव त्या तीनच कामांबद्दल बोलणार.

यात आणखी एक गुंता आहे, आणि तो आपल्या कापसाचा आहे. कोणतं काम मोठं आणि कोणतं लहान हे वर्षागणिक बदलतं. तुमच्या तरुणपणी, १९७२ पासून, राज्यात एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकार घ्यायचं, जिनिंगवाल्याने गाठी बांधून द्यायच्या. तेव्हा भावाचा अंदाज करणारा माणूस लागतच नव्हता, कारखाना चालू ठेवणारा आणि हिशेब चोख देणारा लागत होता. दोन हजारच्या दशकात ती व्यवस्था गेली आणि खरेदीची नजर असलेले लोक एकाएकी पुढे आले. आता पुन्हा पाहा. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याचा हमीभाव ७,७१० आणि लांब धाग्याचा ८,११० रुपये क्विंटल ठरला. बाजार त्याच्या खाली राहिला की शेतकरी महामंडळाच्या केंद्राकडे वळतो, आणि जिनिंगवाल्याला त्यांच्या निविदेवर काम करावं लागतं. अशा वर्षी तुमच्या खरेदीच्या नजरेला फारसं काम नसतं. रुईचा उतारा (कापसातून किती टक्के रुई निघाली), तूट, ओलावा, गाठींची नोंद, वेळेवर कागद, यावर वर्ष निभतं. उताऱ्यात एक टक्का चुकला तर शंभर क्विंटल कापसामागे एक क्विंटल रुईचा जाब द्यावा लागतो. म्हणून नुसती मागच्या पाच वर्षांची आठवण धरून खुर्ची दिली तर ती पुढच्या पाच वर्षांना पुरेलच असं नाही.

आता पोरांकडे येऊ. माणसाकडे तीन गोष्टी असतात आणि आपण त्या एकत्र कालवतो. एक, त्याला काय येतं. दुसरी, त्याला काय आवडतं. तिसरी, मोकळं सोडलं तर तो कामाला हात कसा घालतो. पहिली शिकवता येते. दुसरी वयाप्रमाणे बदलते. तिसरी मात्र मी तरी फारशी बदललेली पाहिली नाही. तिला मी कामाची धाटणी म्हणतो.

माझ्या पाहण्यात धाटण्या ठळकपणे चार. काही लोक आधी खणतात: भाव का पडला, आयात किती, मागच्या वर्षी याच आठवड्यात काय होतं, हे कळल्याशिवाय त्यांचा पाय उचलत नाही. काही लोक लावून देतात: वही, रांग, वेळ, पावती, एकदा घडी बसवली की ती मोडू देत नाहीत आणि हाती घेतलेलं शेवटाला नेतात. काही लोक उडी घेतात: अर्ध्या माहितीवर निर्णय, चुकला तर दुपारपर्यंत दुसरा. आणि काही लोकांची अक्कल हातात असते. त्यांना कागदावर जिन समजत नाही, पण आवाज ऐकून सांगतात की रोलर घासला आहे. बहुतेकांत एक-दोन धाटण्या जोरकस असतात आणि एखादी जवळजवळ नसतेच.

ही वाटणी मी शोधलेली नाही. अमेरिकेत कॅथी कोल्बे नावाच्या बाईंनी याच प्रकारची चार प्रवृत्तींची चाचणी तयार केली आहे, छत्तीस प्रश्नांची, आणि बाहेरच्या घरगुती धंद्यांत वारस ठरवताना ती वापरतात. पैसे देऊन करता येते. माझं मत विचाराल तर मोठा मुलगा ती सहज देईल, धाकटा इंग्रजी प्रश्नांना जे वाटेल ते उत्तर देईल आणि तुम्ही त्या आकड्यावरून त्याला तोलाल. त्यापेक्षा काट्यावर एक हंगाम डोळे उघडे ठेवून बसा.

काय पाहायचं ते सांगतो. पोरगा कोणत्या कामात चांगला आहे, एवढ्यावर थांबू नका, कोणत्या कामानंतर तो थकलेला दिसतो तेही पाहा. मोठा चांगला हिशेब करेल, धाकटाही मन मारून करेल, पण हिशेबाच्या दिवशी धाकटा रात्री जेवताना गप्प असेल आणि मोठा ताजा असेल. दुसरं, कोणी सांगितलं नसताना तो कुठे जाऊन उभा राहतो. तिसरं, कोणतं काम तो पुढे ढकलतो, कारण टाळाटाळीत धाटणी लख्ख दिसते. चौथं सगळ्यात महत्त्वाचं, गडबडीत तो काय करतो. रात्री अकराला अवकाळी पावसात भिजलेली गाडी फाटकावर आली, शेतकरी हात जोडतो आहे, जागा नाही. त्या वेळी माणूस शिकलेलं विसरतो आणि धाटणीवर जातो. एक जण फोन लावून विचारेल की ओला कापूस वेगळा कुठे ठेवता येईल. दुसरा "घ्या आत, सकाळी पाहू" म्हणेल. तिसरा ताडपत्री घेऊन स्वतः गाडीवर चढेल. तिघांपैकी कोणीही चुकीचा नाही, पण तिघांना तीन वेगळी कामं द्यायला हवीत.

आणि वहिनींना विचारा. धंद्यातल्या माणसांना पोराचं कर्तृत्व दिसतं, आईला त्याची धाटणी तो सहा वर्षांचा असल्यापासून माहीत असते.

तुम्ही लिहिलेल्या दोन तक्रारी मला फार उपयोगाच्या वाटल्या. मोठ्याबद्दल तुम्ही म्हणता, "थो भित्रा हाय, भाव काढायले अर्धा दिवस लावते." धाकट्याबद्दल, "बेफिकीर हाय, चिठ्ठी लिहीत नाही, खिशात आकडे घेऊन फिरते." मला यात भित्रेपणा आणि बेफिकिरी दिसत नाही. मोठा खणणारा आणि लावून देणारा आहे, त्याला तुम्ही उडी घेण्याच्या कामावर उभं केलं. धाकटा उडी घेणारा आणि हाताचा आहे, त्याच्याकडून तुम्ही वही मागता. जागा बदला, तक्रारीही कमी होतील.

मग खरेदी पूर्ण धाकट्याला द्यायची का? इथे थांबा. काट्यावर माणूस ओळखणं, ढिगात हात घालून माल पाहणं, पाच मिनिटांत सौदा करणं, हे त्याचंच. पण किती माल घ्यायचा आणि किती दिवस धरून ठेवायचा, हे वेगळं काम आहे आणि जिनिंग बुडते ती बहुधा इथेच. २०२१-२२ मध्ये कापूस दहा हजारांच्या वर गेला आणि ज्याने धरला तो जिंकला. पुढच्या वर्षी शेतकऱ्याने आणि व्यापाऱ्यानेही त्याच आशेवर माल धरला आणि भाव खाली येत राहिला. पहिल्या वर्षीच्या विजयाने उडी घेणाऱ्याचं काळीज सुपाएवढं होतं, आणि नेमक्या तेव्हा त्याच्या शेजारी खणणारा लागतो. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क उठवलं, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत, मग मुदत डिसेंबरअखेरपर्यंत वाढवली. त्या बातमीचा अर्थ हंगाम सुरू होण्याआधी लावणं हे मोठ्याचं काम आहे. काट्यावरच्या माणसाला तेवढी उसंत नसते.

म्हणून माझ्या ओळखीच्या घरांत जे टिकलं ते असं: रोज रात्री दोघांनी दहा मिनिटं बसायचं. उद्याचा भाव कोणत्या दोन आकड्यांच्या मध्ये ठेवायचा आणि दिवसाचा जास्तीत जास्त माल किती, हे मोठ्याने माहिती पुढे ठेवून दोघांनी ठरवायचं. सकाळी त्या चौकटीत धाकटा राजा. गाडीगाडीला मोठ्याने विचारायला जायचं नाही. चौकटीच्या बाहेर जायचं तर धाकट्याने फोन करायचा. हे पाळलं तर मोठ्याला लगाम हाती असल्यासारखं वाटतं आणि धाकट्याचा हात मोकळा राहतो.

बाकीची कामं अशाच नजरेने पाहा. विक्रीत सूतगिरणीला धाग्याची लांबी, कचरा, ओलावा यांचे अहवाल लागतात आणि पुढच्या लॉटमध्ये तोच माल लागतो. गुणवत्ता विभागात काम केलेल्या माणसाला हे सांगावंही लागत नाही. बँकेचं कॅश क्रेडिट, साठ्याचं पत्रक, विमा, आणि शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा जीएसटी, जो नोव्हेंबर २०१७ पासून खरेदीदारानेच भरायचा असतो, हेही त्याच्याच बाजूला जातं. माणसं आणि चुकारे धाकट्याकडे, पण शब्द दिला की त्याच दिवशी वहीत चढला पाहिजे आणि ती वही त्याच्याकडे नको. कारखान्याचं मात्र तुम्ही काहीच लिहिलं नाही. धाकटा हाताचा आहे असं मी तुमच्या मजकुरावरून धरतो, तरी हंगामात तो काट्यावर अडकेल. मग जिन कोण ऐकणार? हे काम दोघांपैकी कोणाच्याच वाट्याला नीट येत नसेल तर ओढूनताणून द्यायचं नाही. चांगला फिटर आणि त्याच्यावर एक पर्यवेक्षक ठेवा, पगार बरा द्या. घरातल्या पोराला न झेपणारं काम देऊन वाचवलेला पगार भंगारात आणि तुटीत निघून जातो.

एक डाळ मिलचं उदाहरण देतो, गाव सांगत नाही. तिथे वडिलांनी रीतीप्रमाणे थोरल्याला गादीवर बसवलं. थोरला हाताचा माणूस. तुरीचा दाणा चावून सांगायचा की किती तेल-पाणी लागेल आणि किती वाळवायची. गादीवर बसला की तासाभरात उठून मशीनकडे जायचा, आणि बाहेरगावचे व्यापारी फोनवर ताटकळायचे. उधारी थकत गेली. घरात सगळे म्हणायचे, याला जबाबदारी नाही. त्यांच्या धाकट्या सुनेला हे लक्षात आलं, ती बी.एड. झालेली, कडक शिस्तीची. तिने वसुलीची यादी मागून घेतली आणि रोज ठरलेल्या वेळी ठरलेले फोन सुरू केले. थोरला पूर्णवेळ गाळ्यात गेला. आज लोकांना त्या मिलची डाळ हवी असते ती त्याच्या हातामुळे, आणि पैसा वेळेवर येतो तो तिच्यामुळे. थोरल्याची मालकी कमी झाली नाही. फक्त त्याची बसायची जागा बदलली.

धाटणी जुळली म्हणून सगळं झालं असंही नाही. कृषी केंद्राच्या धंद्यात हे फार दिसतं. गिऱ्हाइकाशी गोड बोलणारा, पीक पाहून औषध सांगणारा पोरगा असतो, पण कीटकनाशकाच्या परवान्याला शिक्षणाची अट आहे. कृषी किंवा संबंधित विषयाची पदवी नसेल तर हैदराबादच्या मॅनेज संस्थेच्या देसीसारखा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम करावा लागतो. तेव्हा काम धाटणीने ठरवा, पण त्या कामाला लागणारं शिक्षण आणि परवाना वेळेत उभा करा. तुमच्या धंद्यात तशी अट नाही, पण धाकट्याला बँकेचं पत्र वाचता आलंच पाहिजे आणि मोठ्याला ओला कापूस हाताने ओळखता आला पाहिजे. एकमेकांचं काम करण्यापुरतं नाही, एकमेकांना फसवता येणार नाही आणि एक आजारी पडला तर दुसरा आठवडाभर गाडा ओढेल इतपत.

आता ज्या गोष्टीवर बहुतेक बाप अडतात तिथे येतो. "दोघांनी मिळून पाहा" असं सांगून मोकळं व्हायचं. माझ्या मते याच्याइतकी धोक्याची सूचना दुसरी नाही. कामं वाटली तरी एक प्रश्न उरतोच: दोघांचं पटलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? तो एकाचाच हवा आणि तुम्ही जिवंत असताना सगळ्यांसमोर सांगितलेला हवा. कोणाचा, ते असं ठरवा. तुमचा धंदा कोणत्या एका चुकीने बुडू शकतो? त्या चुकीपासून ज्याची धाटणी वाचवते, शेवटचा शब्द त्याचा. स्वतःच्या पैशाने माल धरून ठेवणारी जिनिंग जास्त माल धरल्याने बुडते, तिथे मी शेवटचा शब्द खणणाऱ्याला देईन. मुख्यतः महामंडळाचं काम असेल तर नोंद आणि मुदत चुकल्याने ठेका जातो, तिथे लावून देणाऱ्याला. उलट धंदा साचलेला असेल, नवं काही केल्याशिवाय तगणार नसेल, सरकीचं तेल काढायचं असेल, तर उडी घेणाऱ्याकडे द्यायची वेळ असते. या तिन्हीत वयाचा किंवा डिग्रीचा संबंध नाही. तुमच्या घरात मोठ्याच्या बाजूने कौल जाईल असं दिसतं, पण तो थोरला आहे म्हणून गेला असं कोणाला वाटू देऊ नका. धाकट्याला कारण समजावून सांगा. त्याला कारण कळलं तर तो मान्य करेल, नात्याचा मान म्हणून मागितलं तर आयुष्यभर मनात ठेवेल.

(दोघेही एकाच धाटणीचे असले असते तर मी फार काळजी केली असती. दोन उड्या घेणारे भाऊ एका हंगामात घर विकतात. दोन खणणारे भाऊ मार्च येईस्तोवर भावाचा अभ्यास करत बसतात आणि गाठी शेजारची जिनिंग बांधते.)

लेकीबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिली, की ती लग्नाआधी खाती पाहायची आणि अजूनही मार्च आला की धाकटा तिलाच फोन करतो. भाऊ, सगळ्या मजकुरात मला हीच ओळ सगळ्यात बोलकी वाटली. जिथे कोणी न सांगता माणसं मदतीला जातात तिथे धाटणी असते. वर्धा काही परदेश नाही, आणि आजकाल खाती, जीएसटी, बँकेची पत्रकं वर्ध्याहून करता येतात. तिच्या आणि जावयांच्या मनात असेल तर पैसा आणि कागद तिच्याकडे पगार देऊन द्या. मोठ्याचा भार हलका होईल, आणि भाव-विक्रीकडे तो नीट पाहील. भावांमधल्या चौकटीवर तिसरी नजरही राहते, आणि ती दोघांचीही बहीण आहे.

इथे हिस्सा, काम आणि पगार या तिघांची गाठ सोडवून ठेवा. काम धाटणीने. पगार कामाप्रमाणे, बाजारात दुसऱ्याला जो दिला असता तो. हिस्सा मात्र घराच्या न्यायाने आणि कायद्याने. वडिलोपार्जित, एकत्र कुटुंबाची मालमत्ता असेल तर २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये त्यातली उरलीसुरली शंकाही मिटवली. तुमची स्वकष्टाची असेल तर मृत्युपत्राने तुम्ही ठरवू शकता. शेवटचा शब्द एकाला दिला म्हणून त्याचा हिस्सा वाढत नाही, हे लिहून ठेवा. बहुतेक भांडणं मी पाहिली ती खुर्चीची नव्हती, खुर्चीबरोबर हिस्साही गेला असं वाटल्याची होती.

कागदांचं थोडक्यात. फर्म भागीदारीची असेल तर करारपत्र काढून पाहा. १९३२ च्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे करारात वेगळं लिहिलं नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने फर्म संपते, आणि दोनच भागीदार असतील तर कलम घालूनही ती टिकत नाही. म्हणजे तुम्ही आणि मोठा मुलगा असे दोघेच असाल तर तिसरा भागीदार आजच घ्या. एकट्याच्या नावावर धंदा असेल तर तुमच्यानंतर पॅन, जीएसटी नोंदणी, बँक खातं, सगळं नव्याने उभं करावं लागतं, आणि ते ऐन हंगामात आलं तर काटा बंद. मृत्युपत्र आणि भागीदारी एकमेकांना छेद देत नाहीत ना, हे वकिलाला आणि हिशेबनिसाला एकत्र बसवून तपासा.

हस्तांतर कसं करावं, तर एका झटक्यात नको. एप्रिल ते सप्टेंबर हा मोकळा काळ आहे, तेव्हा कागद, विमा, बँक आणि जिनची दुरुस्ती वाटून द्या. दसऱ्यापासून खरेदी. पहिल्या हंगामात तुम्ही कारखान्यावर असा, पण काट्याजवळ बसू नका. तुम्ही तिथे बसलात की शेतकरी धाकट्याशी बोलणार नाही, तुमच्याकडेच पाहणार. धाकट्याने दिलेल्या भावात दहा रुपये वाढवायची विनंती घेऊन लोक तुमच्याकडे येतील. एकदा जरी वाढवून दिलेत तर त्याची सत्ता त्या दिवशी संपली. त्यांना परत त्याच्याकडेच पाठवा, तुमच्या मते तो चुकला असला तरी. रात्री घरी बोला.

तुमचं म्हणून एक काम उरतंच आणि ते कोणाला लगेच देता येत नाही, ते म्हणजे पत. लोक कापूस टाकून चुकारा महिनाभराने घेतात ते तुमच्या चेहऱ्यावर. सही बदलली म्हणून पत बदलत नाही. पुढचे दोन हंगाम धाकट्याला बरोबर घेऊन गावागावांत जा, लग्नाला जा, तेराव्याला जा, आणि बोलणं त्याला करू द्या. मोठ्याला बँकेत आणि सूतगिरणीच्या दलालाकडे तसंच न्या.

पुढचं नेमकं सांगायला मला तीन गोष्टी हव्यात. मागच्या तीन हंगामांत स्वतःचा माल किती आणि महामंडळाचा किती. फर्मच्या करारात नावं कोणाची आणि कारखान्याची जमीन कोणाच्या नावावर. आणि तिसरं, मुलीला तुम्ही अजून विचारलं आहे की नाही. विचारलं नसेल तर या दोघांना काही सांगण्याआधी एकदा वर्ध्याला जाऊन या.